ऑस्ट्रियातले छोट्या गावांचे व्यावसायिक फुटबॉल क्लब: गुण अर्धे, लायसन्स, युरोपातले 'घरचे' सामने. हे सगळं चालतं कसं?

कॉर्नर_फ्लॅग

२०२५-२६ च्या ऑस्ट्रियन बुंडेसलिगातल्या (पहिल्या श्रेणीतल्या) १२ क्लबांची यादी समोर ठेवली तर ७ क्लब चार मोठ्या शहरांतले निघतात: व्हिएन्ना २, ग्राझ २, लिंझ २ आणि साल्झबुर्ग १. उरलेले ५ वोल्फ्सबेर्ग, हार्टबेर्ग, आल्टाख, रीड आणि वाटेन्स या ठिकाणचे. यातलं वोल्फ्सबेर्ग सगळ्यांत मोठं, लोकसंख्या पंचवीस हजारांच्या आसपास. हार्टबेर्ग आणि आल्टाख तर दहा हजारांच्याही आत. वर १ मे २०२५ ला कपची फायनल झाली तीही वोल्फ्सबेर्ग विरुद्ध हार्टबेर्ग!

माझे प्रश्न असे:

१. २२ फेऱ्यांनंतर गुण अर्धे करतात, त्याचा तळाच्या क्लबांना फायदा होतो की तोटा?
२. २०२१ मध्ये ब्लाउ-वाइस लिंझ दुसऱ्या लिगात पहिला आला, तरी वर गेला नाही. असं कसं?
३. वोल्फ्सबेर्गचा क्लब युरोपातले घरचे सामने कधी ग्राझला, कधी क्लागेनफुर्टला का खेळला? स्वतःचं मैदान असताना भाड्याने घ्यायची वेळ का येते?
४. एवढ्याशा गावात पैसा येतो कुठून?

'कोण भारी' हा वाद नकोय. नियम आणि हिशोब समजून घ्यायचाय.

---

आकडेमोड

पहिला प्रश्न घेतो. २०१८-१९ ला लिगा १० वरून १२ क्लबांची झाली, तेव्हाच ही पद्धत आली. सगळे एकमेकांशी दोनदा खेळतात, म्हणजे २२ फेऱ्या. मग वरचे ६ माइस्टरग्रुपमध्ये (विजेतेपदाच्या गटात), खालचे ६ क्वालिफिकात्सिऑन्सग्रुपमध्ये. गुण अर्धे होतात, अपूर्णांक आला तर खालचा पूर्णांक धरतात, आणि आपल्याच गटात आणखी १० फेऱ्या. एकूण ३२ सामने. खालच्या गटात शेवटचा आला तो दुसऱ्या लिगात.

समजा २२ फेऱ्यांनंतर अकराव्याचे २० गुण आणि बाराव्याचे १७. अर्धे केले की १० आणि ८ (साडेआठचे ८). तीनचं अंतर दोनवर आलं. आता अकराव्याचे २५ आणि बाराव्याचे १५ असते तर? १२ आणि ७. दहाची आघाडी पाचवर. आणि पुढे खेळायचे ३० गुण बाकी. म्हणजे शरद ऋतूत जमवलेली आघाडी वसंतात निम्मी होते.

ज्याचा अर्धा गुण कापला गेला त्याच्यावर अगदीच अन्याय होत नाही. शेवटी दोघांचे गुण सारखे झाले तर ज्याचा अर्धा गुण कापला होता तो वर धरतात, गोल फरक त्यानंतर. तक्त्यात अशा क्लबापुढे बहुतेक ठिकाणी चांदणी छापलेली असते.

दुसऱ्या बाजूने बघा. पहिल्या २२ सामन्यांतला विजय शेवटच्या हिशोबात दीड गुणाचा, पुढच्या १० मधला पूर्ण तीनचा. त्यामुळे तळाच्या क्लबाने सगळं बजेट उन्हाळ्यात उडवणं चुकीचं. जानेवारीत एखादा स्ट्रायकर आणि एखादा सेंटर बॅक घेता येईल एवढे पैसे राखलेले बरे. याच कारणाने उसन्या खेळाडूचा करार हिवाळ्यात मोडता येतो की जूनपर्यंत पक्का आहे, हे करारात आधी बघावं लागतं. मोठा क्लब जानेवारीत पोराला परत बोलावतो आणि लहान क्लब नेमका दुप्पट मोलाच्या १० सामन्यांत उघडा पडतो.

खरी मेख मात्र सहाव्या आणि सातव्या जागेत आहे. सहावा आलात की त्या हंगामात घसरण शक्यच नाही. मार्चमध्येच पुढच्या वर्षाचे करार करता येतात, आणि घरच्या ५ सामन्यांत साल्झबुर्ग, श्टुर्म, रापिड अशी गर्दी खेचणारी नावं येतात. सातव्याला हे काही नाही, पण एक चोरवाट आहे. खालच्या गटातले पहिले दोन (म्हणजे ७ वा आणि ८ वा) एकच सामना खेळतात, आणि जिंकेल तो माइस्टरग्रुपमधल्या पाचव्याशी दोन सामने खेळून युरोपची जागा मागतो. कप कोणी जिंकला त्यावर पाचवा की चौथा हे बदलू शकतं.

२०२० मध्ये हार्टबेर्ग पाचवा होता. खालून आलेल्या ऑस्ट्रिया व्हिएन्नाला त्यांनी बाहेर ३-२ हरवलं, घरी ०-० रोखलं, आणि क्लब पहिल्यांदा युरोपात गेला. तिथे पहिल्याच सामन्यात पोलंडच्या पिआस्ट ग्लिवित्सेने त्यांना थांबवलं ती गोष्ट वेगळी.

माझं मत विचाराल तर लहान क्लबाने सहावी जागाच धरावी. तिथे वसंतात हरत राहिलात तरी लिगा शाबूत राहते.

---

तिसरा_अपील

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ऑस्ट्रियात वर जायला दोन गोष्टी लागतात: मैदानावरची जागा आणि कागदावरचं लायसन्स. लायसन्स दरवर्षी नव्याने घ्यायचं असतं, आधीपासून लिगात असलेल्यांनीही. अर्ज मार्चमध्ये जातो, पहिला निकाल एप्रिलच्या अखेरीस येतो, म्हणजे हंगाम संपायच्या आधीच.

तपासणीचे भाग साधारण असे:

- आर्थिक: लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, पुढच्या हंगामाचं अंदाजपत्रक, पगार आणि कर थकलेले नाहीत याचा पुरावा. अंदाजपत्रकात प्रायोजकाचं नाव नुसतं लिहून चालत नाही, सही झालेला करार लागतो. 'बोलणी सुरू आहेत' याला किंमत शून्य.
- मैदान: आसनं, प्रकाशझोत, माध्यमांची जागा, पाहुण्या प्रेक्षकांचा वेगळा भाग आणि गवताखालचं हीटिंग.
- क्रीडा आणि कर्मचारी: मुख्य प्रशिक्षकाकडे यूएफाचा (युरोपच्या फुटबॉल संघटनेचा) प्रो परवाना, युवा संघ, सुरक्षा अधिकारी वगैरे.
- कायदेशीर: क्लबाने संघासाठी वेगळी कंपनी काढली असली तरी मतांचं बहुमत मूळ संस्थेकडे हवं. जर्मनीतल्या ५०+१ सारखंच.

पहिला निर्णय सेनाट ५ (लिगाची लायसन्स समिती) देतो. तिथे नकार आला तर प्रोटेस्टकोमिटे (अपील समिती), तिथेही नकार आला तर कायमस्वरूपी तटस्थ लवाद. हार्टबेर्ग २०१८ मध्ये दुसऱ्या लिगात दुसरा आला. त्यांना खालच्या दोन्ही पायऱ्यांवर नकार मिळाला आणि लवादाने लायसन्स दिलं, म्हणून ते वर आले. तिथे निकाल उलटा लागला असता तर आज हार्टबेर्गचं नाव तुमच्या पाचांत नसतं.

ब्लाउ-वाइस लिंझने २०२१ ला पहिल्या श्रेणीचं लायसन्स मागितलंच नव्हतं. दुसरा आलेला लीफरिंग हा साल्झबुर्गचा सहयोगी संघ, त्याला वर जायची परवानगी नाही. म्हणून तिसरा आलेला ऑस्ट्रिया क्लागेनफुर्ट पुढे सरकला आणि प्लेऑफमध्ये सांक्ट प्योल्टनला हरवून वर गेला. ब्लाउ-वाइस २०२३ ला वर आले, नवं स्टेडियम तयार झालं त्याच वर्षी. हा योगायोग नाही.

अर्जात बहुतेक वेळा अडतं ते साध्या गोष्टींवर: प्रायोजकाच्या करारात हंगामाच्या मधे बाहेर पडायचं कलम असतं, किंवा मालकाने दिलेला पैसा कर्ज आहे की देणगी हे स्पष्ट नसतं. कर्ज असेल तर ते देणं म्हणून ताळेबंदात बसतं आणि क्लबाचं स्वतःचं भांडवल उणे दिसतं. उपाय म्हणजे मालकाने 'बाकीच्या सगळ्या धनकोंनंतर माझा नंबर' असं लेखी देणं. हे फेब्रुवारीत व्हायला हवं. एप्रिलमध्ये धावाधाव करून उपयोग नसतो.

---

पंचाची_शिट्टी

तिसऱ्या_अपील, छान मांडलंत. एक भर. लायसन्स नाकारलं तर नुसतं वर जाणं थांबतं असं नाही, क्लब खालीही जातो. लास्क (लिंझ) २०१२ ला लायसन्सअभावी दुसऱ्या श्रेणीतून रेगिओनाललिगात, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत गेला होता. तोही गावचा नव्हे, तिसऱ्या क्रमांकाच्या शहराचा क्लब.

---

गवतवाला

हीटिंगचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहितो, कारण लहान क्लबांचा फेब्रुवारी यावरच अवलंबून असतो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सुट्टी असते. पण डोंगरातल्या खोऱ्यांत थंडी फेब्रुवारीत संपत नाही.

रचना अशी: गवताच्या मुळांच्या थराखाली, साधारण २५ ते ३० सेंमी खोल प्लॅस्टिकच्या नळ्या. त्यांतून पाणी आणि ग्लायकोलचं कोमट मिश्रण फिरतं. मैदान १०५ × ६८ मीटर, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. नळ्यांमधलं अंतर ३० सेंमी धरलं तर जवळपास २४ किलोमीटर नळी लागते.

आता बर्फाचा हिशोब. १० सेंमी ताजा, भुसभुशीत बर्फ पडला तर मैदानावर ७१४ घनमीटर बर्फ बसतो. घनमीटरला १०० किलो धरले तरी ७१ टन. तो नुसता वितळवायला सुमारे ६,६०० किलोवॅट-तास उष्णता लागते. माती आणि हवेत जाणारी वेगळी, आणि तीच जास्त असते. म्हणून जाड बर्फ हीटिंगने वितळवत बसणं हा मूर्खपणा आहे. आधी रबरी कडा लावलेल्या हलक्या फावड्यांनी किंवा लहान यंत्राने बर्फ बाजूला करायचा, शेवटचे २-३ सेंमी ठेवायचे (पातं गवताला लागू नये म्हणून) आणि ते खालून वितळू द्यायचे.

कुठे बिघडतं:

हीटिंग उशिरा सुरू केलं. माती गोठल्यावर तापवायला लागलात तर उष्णता वर पोचायला दोन-तीन दिवस जातात. शनिवारी ५ वाजता सामना असेल तर शुक्रवारी रात्री बटण दाबून काही होत नाही. माती गोठूच द्यायची नाही, हे स्वस्त पडतं.

पाणी निघायला वाट नाही. ७१ टन बर्फ म्हणजे १० मिमी पावसाएवढंच पाणी, चांगला ड्रेनेज ते सहज पितो. पण कडेच्या गटाराचं तोंड गोठलेलं असेल तर मैदानाच्या कोपऱ्यांत डबकी होतात आणि सामना तिथेच रद्द होतो. रेफ्री आधी कोपरेच बघतो.

गवत सुकलं. खालून सतत ऊब, वरून कोरडा वारा. जानेवारीत गवताला पाणी लागतं हे लोकांच्या लक्षात येत नाही. शिवाय ऊब जास्त झाली तर गवत अवेळी वाढायला लागतं, आणि मग एका थंड रात्रीत कोवळी पाती जळतात.

वरून फ्लीसची चादर घातली तर उष्णता बरीच वाचते. पण चादर ओली होऊन गोठली की ती ओढताना गवत उपटून येतं. म्हणून बर्फ पडायच्या आधी घालायची आणि बर्फासकट गुंडाळायची नाही.

या सगळ्याचं गॅसचं बिल ज्या क्लबाला महिनाभर सोसवत नाही, त्याने फेब्रुवारीतले पहिले दोन सामने पाहुण्यांकडे ठेवायची विनंती लिगाकडे करून बघावी.

---

आकडेमोड

७१ टन! हा आकडा डोक्यात नव्हता.

---

परदेशी_पास

तिसरा प्रश्न. घरच्या लिगाचे आणि यूएफाचे निकष वेगळे. यूएफा मैदानांचे चार वर्ग करते. पात्रता फेरीच्या सुरुवातीच्या सामन्यांना खालचा वर्ग चालतो, पण युरोपा लीगच्या मुख्य टप्प्याला वर्ग ४ लागतो, आणि त्यात किमान ८,००० आसनं. वोल्फ्सबेर्गच्या लावांटटाल अरेनाची क्षमता ७,३०० च्या आसपास, तीही उभं राहायच्या जागा धरून. यूएफाच्या मोजणीत फक्त आसनं धरतात. म्हणून २०१९-२० ला घरचे सामने ग्राझ-लीबेनाउला आणि २०२०-२१ ला क्लागेनफुर्टच्या व्योर्थरझे स्टेडियमवर.

मग मैदानच का नाही वाढवत? कारण असा हंगाम पाच-दहा वर्षांत एखादा येतो. तीन सामन्यांसाठी स्टँड बांधून बाकी वर्षं रिकामा सांभाळायचा, त्यापेक्षा भाडं स्वस्त. अर्थात मैदान बदललं की सीझन तिकीटवाल्यांना वेगळं तिकीट, त्यांच्यासाठी बस, सुरक्षेचा खर्च यजमान शहराच्या दराने, आणि खाण्यापिण्याच्या स्टॉलचं उत्पन्न दुसऱ्याला.

तरीही परवडतं, कारण २०१९-२० चा हिशोब असा: युरोपा लीगच्या गटात नुसतं असण्याचे २९.२ लाख युरो, विजयाला ५.७ लाख, बरोबरीला १.९ लाख. वोल्फ्सबेर्गने १९ सप्टेंबर २०१९ ला जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाखमध्ये जाऊन ४-० जिंकलं आणि रोमाशी दोन्ही सामने बरोबरीत सोडवले. बाकी तीन हरले, गटात शेवटचे आले. पण बेरीज बघा: २९.२ + ५.७ + ३.८ = ३८.७ लाख युरो. टीव्ही हिस्सा वगैरे वेगळा. पुढच्या हंगामात ते गटातून बाद फेरीतही गेले, फेयनोर्डला त्यांच्या घरी ४-१ हरवून. तिथे टॉटनहॅमने दोन्ही सामने ४-१ आणि ४-० असे जिंकले.

जाता जाता. ऑस्ट्रियात प्रायोजकाचं नाव क्लबाच्या नावातच घालता येतं: आरझेड पेलेट्स वाक (म्हणजे वोल्फ्सबेर्ग), काशपॉइंट आल्टाख. यूएफाला हे चालत नाही. युरोपात तोच क्लब साधा 'वोल्फ्सबेर्गर एसी' होतो, स्टेडियमवरची जाहिरातीची नावंही झाकावी लागतात. प्रायोजकाशी करार करताना 'युरोपातले सामने वगळून' असं लिहिलं नाही तर तो पैसे कापून मागू शकतो. वकिलाच्या नजरेतून सुटण्यासारखी ही ओळ आहे.

---

खजिनदार

पैशाबद्दल, म्हणजे चौथा प्रश्न. स्रोत पाच: टीव्ही, स्थानिक प्रायोजक, तिकिटं, खेळाडू विक्री, युरोप. शेवटचा कधीमधी, तिकिटांचा हिस्सा लहान. उरले तीन.

टीव्हीच्या पैशातला एक भाग 'ओस्टररायशर टोप्फ' या नावाने वेगळा काढलेला असतो. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय संघासाठी पात्र खेळाडूंना खेळवणाऱ्या क्लबांत तो मिनिटांच्या हिशोबाने वाटला जातो. सामन्याच्या यादीत बिगर-पात्र खेळाडू ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त झाले की वाटा जातो. युरोपियन कायद्यामुळे ईयूतल्या खेळाडूंवर बंदी घालता येत नाही, म्हणून बंदीऐवजी हे आमिष. मोठा क्लब हा पैसा सोडून देऊ शकतो, गावचा क्लब नाही. हार्टबेर्ग किंवा आल्टाखच्या यादीत ऑस्ट्रियन नावं जास्त का, याचं मोठं उत्तर इथे आहे.

विक्रीत तीन वेगळे पैसे येतात, लोक ते एकत्र कालवतात. एक, थेट किंमत. शोन वाइसमनने २०१९-२० ला वोल्फ्सबेर्गसाठी लिगात ३० गोल केले आणि लगेच स्पेनच्या वायादोलिदला गेला, हा सरळ नफा. दोन, पुढच्या विक्रीतला टक्का, जो करारात मागून घ्यावा लागतो. तीन, फिफाची सॉलिडॅरिटी रक्कम. ही कायद्याने येते. आंतरराष्ट्रीय विक्रीच्या किमतीतले ५% त्या खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटतात: १२ ते १५ मधल्या प्रत्येक वर्षाला किमतीच्या ०.२५%, १६ ते २३ मधल्या प्रत्येक वर्षाला ०.५%.

उदाहरण: एक पोरगा १४ ते १८ अशी पाच वर्षं तुमच्याकडे होता. ०.२५ × २ + ०.५ × ३ = २%. पुढे तो ५० लाख युरोंना जर्मनीत विकला गेला तर तुम्हाला १ लाख युरो. हीच विक्री आल्टाखकडून साल्झबुर्गला झाली तर देशातल्या देशात म्हणून हे लागू नाही. म्हणून देशी क्लबाला विकताना 'पुढच्या विक्रीत टक्का' हे कलम सोडायचं नाही. आणि खेळाडूच्या नोंदणीचा पासपोर्ट (तो कुठल्या क्लबात कधी होता याची नोंद) नीट ठेवायचा. हंगामाच्या मधे आलेल्या पोराची तारीख चुकली की वर्ष हातचं जातं.

प्रायोजकांची गोष्ट गावोगावी निराळी. वोल्फ्सबेर्गमागे अध्यक्ष डीटमार रीग्लर यांचा पेलेट्सचा उद्योग, वाटेन्समागे स्वारोव्स्की. दोन्ही कंपन्या त्या भागातल्याच. रीडचं तसं एकहाती नाही, तिथे आसपासच्या इनफीर्टल भागातले अनेक मध्यम कारखाने थोडं थोडं देतात. मला दुसरी पद्धत बरी वाटते. एक गेला तर छप्पर उडत नाही.

---

कॉर्नर_फ्लॅग

खजिनदार, एकाच मालकावर अवलंबून असलेला क्लब कोसळल्याचं उदाहरण आहे का? आणि 'थोडं थोडं' वाला रीड तर सारखा वर-खाली होतो!

---

खजिनदार

आहे की. माटर्सबुर्ग, बुर्गेनलांड. अध्यक्ष मार्टिन पुखर हेच कोमर्त्सियालबांक माटर्सबुर्ग या स्थानिक बँकेचे प्रमुख. जुलै २०२० मध्ये वित्तीय नियामकाने बँक बंद केली, ताळेबंदातल्या ठेवी आणि कर्जं मोठ्या प्रमाणावर बनावट निघाली. क्लबाचा मुख्य प्रायोजक, कर्जदाता आणि अध्यक्ष एकाच वेळी गेले. ऑगस्टमध्ये क्लब दिवाळखोरीत, लिगातून बाहेर. त्या हंगामात तळाला आलेला वाटेन्सचा वेएसगे टिरोल त्यामुळे वाचला.

बाहेरून हे ओळखायचं कसं? तेव्हा लायसन्स तर त्यांना नियमित मिळत होतं. कारण तपासणी क्लबाच्या कागदांची होते, प्रायोजकाच्या नाही. बँकेने दिलेला शब्द पक्का धरला जातो. म्हणून प्रायोजकाच्या पैशाचा हिस्सा किती आणि तो किती जणांकडून, एवढे दोन आकडे बघावेत.

ग्र्योडिगचा शेवट शांत. साल्झबुर्गजवळचं खेडं, २०१३ ला वर आले, पहिल्याच हंगामात तिसरे. २०१६ ला घसरल्यावर दुसऱ्या श्रेणीत व्यावसायिक म्हणून खेळायचंच नाही असं ठरवून सरळ रेगिओनाललिगात गेले. कर्ज करून टिकण्यापेक्षा हे शहाणपणाचं. पाशिंगने २००७ ला उलट केलं, जागाच क्लागेनफुर्टला दिली. तिथे उभा राहिलेला ऑस्ट्रिया केर्न्टन २०१० ला बुडाला. आणि गंमत म्हणजे मागे पाशिंगमध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या तिसऱ्या श्रेणीतल्या संघाने २०१३ ची कप फायनल ऑस्ट्रिया व्हिएन्नाविरुद्ध १-० जिंकली.

---

काळा_हिरवा

रीडबद्दल कोणी वाईट बोलायचं नाही. :)

१९१२ चा क्लब, १९९५ ला पहिल्यांदा वर. कप १९९८ आणि २०११ ला, लिगात २००६-०७ ला दुसरे. घसरण २००३, २०१७, २०२३. परत वर २००५, २०२०, २०२५. म्हणजे प्रत्येक वेळी दोन-तीन वर्षांत परत आलेत. वर-खाली होणं आणि कोसळणं यात हाच फरक. घसरल्यावर मोडले नाहीत, कारण मैदान बुंडेसलिगाच्या निकषांत बसणारं आहे (२००३ मध्ये उघडलेलं), अकादमी गावातच आहे, आणि करारांत घसरणीनंतर पगार कमी होण्याचं कलम असतं.

ते कलम नीट लिहिणं हीच कला. 'घसरल्यास पगार इतके टक्के कमी' एवढंच लिहिलं तर खेळाडू सोडून जायची मुभा मागतो. 'घसरल्यास करार रद्द' लिहिलं तर सगळा संघ जूनमध्ये फुकट निघून जातो. मधला मार्ग म्हणजे कपात आणि ठरलेल्या रकमेला सोडायचं कलम, तेही ठरलेल्या तारखेपर्यंतच. तारीख टाकली नाही तर ऑगस्टच्या अखेरीस स्ट्रायकर जातो आणि बदली मिळत नाही.

दुसरी लिगा १६ क्लबांची, ३० फेऱ्या, गुण अर्धे वगैरे काही नाही. तिथे गोल फरकाला किंमत आहे. २०२० ला रीड आणि क्लागेनफुर्ट गुणांत बरोबर होते. शेवटच्या फेरीत क्लागेनफुर्टने ६-१ मारले, रीडने ९-० मारले, आणि रीड वर गेलं. ५-० झाल्यावर संघ थांबला असता तर काय झालं असतं याचा हिशोब कोणीही करून बघावा.

डावपेचांबद्दलही दोन ओळी. पाउल ग्लुडोवात्स यांनी रीडला ३-३-३-१ खेळवलं, तेव्हा असं कोणी खेळत नव्हतं. २०१०-११ ला हिवाळ्याच्या सुट्टीत संघ पहिला होता आणि त्याच हंगामात कप जिंकला. पैसा कमी असेल तर इतरांनी सराव न केलेली रचना वापरणं हा स्वस्तातला फायदा. ओलिव्हर ग्लासनर त्याच संघात खेळत होते, पुढे रीडचे प्रशिक्षक झाले, मग लास्क, वोल्फ्सबुर्ग, फ्रांकफुर्ट, क्रिस्टल पॅलेस.

---

आकडेमोड

प्रशिक्षक हातचे जाणं हा लहान क्लबांचा वेगळाच खर्च. वोल्फ्सबेर्गला २०१८-१९ मध्ये तिसरं आणणारे इल्झर लगेच ऑस्ट्रिया व्हिएन्नाला गेले. २०१९ मध्ये म्योन्शनग्लाडबाखला हरवणारे श्ट्रूबर त्याच नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या बार्न्सलीला. खेळाडूसारखं प्रशिक्षकाच्या करारातही सोडायची रक्कम लिहायला हवी, नाहीतर चांगला हंगाम स्वतःलाच महाग पडतो.

---

रेल्वे_स्टँड

कोणी सामने बघायला जाणार असेल तर कामाचं:

रीड: लिंझ किंवा साल्झबुर्गकडून आलात तर आटनांग-पुखहाइमला गाडी बदला.
वोल्फ्सबेर्ग: डिसेंबर २०२५ ला कोराल्मबान (ग्राझ-क्लागेनफुर्ट नवा रेल्वेमार्ग) सुरू झाल्यापासून ग्राझहून सोपं. सांक्ट पाउलला उतरून लोकल.
हार्टबेर्ग: ग्राझहून रेल्वेने गेलात तर फेरिंगवरून मोठा वळसा पडतो, बस बरी. व्हिएन्नाकडून वीनर नोयश्टाट आणि आस्पांगमार्गे रेल्वे आहे, पण सावकाश.
आल्टाख: फेल्डकिर्श-ब्रेगेन्झ मार्गावर गावचंच स्टेशन.
वाटेन्स: वाटेन्सला जाऊ नका. वेएसगे टिरोल बुंडेसलिगाचे घरचे सामने इन्सब्रुकच्या टिव्होलीवर खेळतो, कारण गावातलं मैदान बुंडेसलिगाच्या निकषांत बसत नाही. २०१९ ला वर आल्यावर 'वाटेन्स' हे नावही क्लबाने बदललं.

फेरीचा शनिवार-रविवार वर्षाच्या सुरुवातीलाच कळतो, पण नेमका दिवस आणि वेळ नंतर ठरते. २२ फेऱ्यांनंतरचं वेळापत्रक तर गट ठरल्याशिवाय बनतच नाही. त्यामुळे मार्चनंतरच्या सामन्यासाठी रद्द न होणारं रेल्वे तिकीट आधी काढू नका.

---

कॉर्नर_फ्लॅग

सगळ्यांचे आभार. एक राहिलं: कपमध्ये खालच्या श्रेणीचा क्लब नेहमी घरीच खेळतो का?

---

तिसरा_अपील

सुरुवातीच्या फेऱ्यांत हो, खालच्या श्रेणीच्या क्लबाला घरचं मैदान मिळतं. म्हणून जुलैच्या शेवटी बुंडेसलिगाचे संघ कुठल्यातरी खेड्यात खेळताना दिसतात. वरच्या फेऱ्यांत श्रेणी सारखी असेल तर चिठ्ठीवर. फायनल तटस्थ ठिकाणी. २०२५ ची क्लागेनफुर्टला होती, वोल्फ्सबेर्गपासून साठेक किलोमीटरवर. 'तटस्थ' हे हार्टबेर्गवाल्यांना किती पटलं असेल ते वेगळं. वोल्फ्सबेर्ग १-० ने जिंकलं, क्लबाचा पहिलाच कप.